टायटॅनियम डायऑक्साइड आणि मॅग्नेटाइटच्या कणांवर पॉलिॲनिलीनचं कवच: प्रकल्प नोंदी

टायटॅनियम डायऑक्साइड किंवा मॅग्नेटाइट (लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड) यांच्या प्रत्येक कणाभोवती (निदान कणांच्या प्रत्येक गुठळीभोवती) पॉलिॲनिलीन या वीजवाहक पॉलिमरचा पातळ थर हवा आहे. ऑक्साइड आणि पॉलिमर यांचं नुसतं मिश्रण चालणार नाही. कवच चढलेली पावडर असो की नुसतं मिश्रण, दोन्ही हिरवीच दिसतात आणि दोन्हींतून वीज वाहते, त्यामुळे नोंदींतला बराच भाग या दोघांतला फरक ओळखण्यावरच खर्च झाला आहे. मापं वेगळं सांगितलेलं नसेल तिथे ५ ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका बॅचची आहेत.

३ जून: साहित्य आणि हिशेब

ऑक्साइड: पी-२५ नावाने मिळणारा टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे टायटॅनिया. मूळ कण सुमारे २१ नॅनोमीटर, पृष्ठफळ ग्रॅमला साधारण ५० चौरस मीटर. बाकी सगळ्या रसायनांची बेरीज केली तरी याचीच किंमत जास्त भरते. म्हणून आधी रंगाच्या दुकानातलं रुटाइल पिगमेंट घ्यायचा मोह होतो. ते घेऊ नका. रंगासाठीच्या पिगमेंटचे कण दोन-तीनशे नॅनोमीटरचे असतात आणि त्यांवर बहुतेक वेळा ॲल्युमिना किंवा सिलिकाचा थर आधीच दिलेला असतो. मग तुमचं पॉलिमर टायटॅनियावर न बसता त्या थरावर बसतं, आणि वाचलेल्या कुठल्याच कृतीशी निकाल जुळत नाही.

मोनोमर (ज्याचे रेणू जोडून पॉलिमर बनतं ते): कपाटातलं ॲनिलीन गडद तपकिरी झालं होतं. तसंच वापरलं तर जुने ऑक्सिडीकृत तुकडे पहिल्या क्षणापासून द्रावात असतात आणि विक्रिया कधी सुरू होईल याचा भरवसा राहत नाही. चिमूटभर जस्ताची पूड टाकून निर्वात ऊर्ध्वपातन केलं. १० मिमी पाऱ्याच्या दाबाला ॲनिलीन ७० °से.च्या आसपास उकळतं, पण नळाच्या पाण्यावर चालणारा ॲस्पिरेटर पंप उन्हाळ्या-पावसाळ्यात तेवढी निर्वात पोकळी देत नाही. पाणीच २७ °से.चं असलं की दाब २७ मिमीच्या खाली जात नाही, आणि ॲनिलीन ९०च्या आसपास येतं. अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा ॲनिलीन हायड्रोक्लोराइड हे घन क्षार थेट विकत घ्या. तोलायला सोपं, वास नाही, ऊर्ध्वपातनही नाही. इथून पुढे सगळीकडे तेच वापरलं आहे. ॲनिलीन असो की त्याचं क्षार, दोन्ही कातडीतून शरीरात जातात आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता कमी करतात, तेव्हा नायट्राइलचे हातमोजे आणि फ्यूम हूड हवंच.

किती पॉलिमर हवं? ५ ग्रॅम पी-२५ म्हणजे २५० चौरस मीटर. त्यावर ३ नॅनोमीटरचा थर म्हणजे ०.७५ घन सेंमी. पॉलिॲनिलीनची घनता १.३३ धरली तर बरोबर १ ग्रॅम. एक ग्रॅम ॲनिलीनपासून जास्तीत जास्त १.१७ ग्रॅम हिरवं पॉलिमर (हायड्रोक्लोराइड रूपातलं) मिळतं, म्हणून ॲनिलीन ०.८६ ग्रॅम, म्हणजे ९.२ मिलिमोल लागेल. हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात १.१९ ग्रॅम. ॲनिलीनचं ऑक्सिडीकरण करून पॉलिमर बनवणारं अमोनियम परसल्फेट, यापुढे एपीएस, सव्वापट मोलमध्ये: ११.५ मिलिमोल, २.६३ ग्रॅम.

सव्वापट हे प्रमाण आयुपॅकने (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) २००२ साली अनेक प्रयोगशाळांत पडताळून दिलेल्या कृतीतलं आहे. त्या कृतीत ०.२ मोलर ॲनिलीन हायड्रोक्लोराइड आणि ०.२५ मोलर एपीएस असतं, आणि ५९ नमुन्यांची सरासरी वाहकता ४.४ सीमेन्स प्रति सेंमी आली होती. एक बॅच आधी ऑक्साइडशिवाय, त्याच कृतीने करून बघावी. वाहकता त्या आकड्याच्या जवळ येत नसेल तर दोष रसायनांत किंवा मोजणीत आहे, आणि तो ऑक्साइड मिसळण्याआधी निस्तरलेला बरा.

५ जून: सरधोपट पद्धत

५ ग्रॅम पी-२५, २०० मिलि ०.१५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, ॲनिलीन क्षार, अर्धा तास अल्ट्रासॉनिक बाथ. मग १०० मिलि पाण्यात विरघळवलेलं एपीएस एकदम ओतलं. बऱ्याच ठिकाणी कृती एवढीच दिलेली असते.

पांढरा द्राव आधी निळसर, मग गडद निळा आणि शेवटी हिरवा झाला. उत्पन्न उत्तम, एफटीआयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) १५६० आणि १४८० ला पॉलिॲनिलीनच्या ठरलेल्या पट्ट्या, ७०० च्या खाली टायटॅनियाचा रुंद खड्डा. कागदावर सगळं बरोबर.

सुकलेली चिमूटभर पावडर काचेच्या बाटलीत क्लोरोफॉर्ममध्ये हलवून अर्धा तास ठेवली. वर हिरवी साय, खाली फिकट पोपटी गाळ.

ही चाचणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निर्दय आहे. क्लोरोफॉर्मची घनता १.४९. मोकळं पॉलिॲनिलीन १.३३ म्हणून वर तरंगतं. ठरल्याप्रमाणे कवच चढलेल्या कणाची सरासरी घनता ३ च्या आसपास पडते, तो तळाला जातो. डायक्लोरोमिथेन चालत नाही, कारण त्याची घनताच १.३३ आहे, मोकळं पॉलिमर मध्येच लोंबकळत राहतं. बाटली काचेचीच घ्या, पॉलिस्टायरीनची क्लोरोफॉर्ममध्ये विरघळते.

चाचणीला मर्यादा आहे. मोकळ्या पॉलिमरच्या गोळ्यात घनफळाने ६ टक्क्यांहून जास्त टायटॅनिया अडकला की तो गोळाही बुडतो. म्हणजे साय आली तर बॅच नक्की बिघडलेली, पण साय आली नाही म्हणून बॅच नक्की चांगली असं नव्हे.

बिघडण्याचं कारण: पीएच १ ला पी-२५ चा पृष्ठभाग धनभारित असतो (त्याचा शून्यभार बिंदू, म्हणजे पृष्ठभागावर एकूण भार शून्य असतो तो पीएच, ६ ते ६.५ च्या दरम्यान), आणि त्याच पीएचला ॲनिलीनही ॲनिलिनियम म्हणून धनभारितच. दोघं एकमेकांना लांब ढकलतात. एपीएस एकदम पडलं की पॉलिमर द्रावातच तयार होतं आणि मग जमेल तिथे चिकटतं: कणांवर थोडं, बीकरच्या भिंतीवर थोडं, उरलेलं स्वतःवरच. बीकरच्या काचेवर हिरवा थर बसतोच. तो किती जाड आहे यावरूनही पॉलिमर कुठे गेलं याचा अंदाज येतो.

९ जून: एपीएसची बाटली

त्याच कृतीची दुसरी बॅच कितीतरी वेळ निळीच राहिली आणि उत्पन्न कमी पडलं. संशय बाटलीवर. दमट हवेत एपीएस हळूहळू विघटित होतं, आणि पावसाळ्यात उघडी-बंद होणाऱ्या बाटलीत ते गोळा होऊन बसतं.

तपासणी आयोडोमेट्रीने: ०.२५ ग्रॅम एपीएस ५० मिलि पाण्यात, २-३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, थोडं विरल सल्फ्युरिक आम्ल, बूच लावून २० मिनिटं अंधारात. मग ०.१ मोलर सोडियम थायोसल्फेटने अनुमापन, शेवटी स्टार्च. शुद्ध असेल तर २१.९ मिलि लागायला हवं. २०.१ लागलं, म्हणजे ९२ टक्के. त्या बाटलीतून २.६३ ऐवजी २.८६ ग्रॅम घ्यावं लागेल. नवी बाटली आणणं सोपं, पण नवीही तपासा. घट्ट बुचाच्या छोट्या बाटल्यांत वाटून डेसिकेटरमध्ये ठेवली की महिने टिकते.

कपाटात पोटॅशियम परसल्फेट पडून होतं. ते का नको हे १४ जूनच्या नोंदीत आहे.

१२ जून: थेंबाथेंबाने

एकदम ओतण्याऐवजी एपीएस हळू द्यायचं ठरलं. पेरिस्टाल्टिक पंप नाही. मेडिकलच्या दुकानातला सलाइनचा आयव्ही सेट आणला. २० थेंबांना १ मिलि या मापाचा सेट असतो (पाकिटावर लिहिलेलं असतं, बघून घ्या). १०० मिलि दोन तासांत सोडायचं तर मिनिटाला १७ थेंब. चिमटा एकदा लावून विसरू नका: बाटलीतली पातळी उतरली की वेग कमी होतो, दर पंधरा मिनिटांनी थेंब मोजावे लागतात. एपीएसने नळीला काही होत नाही, पण सुईचा धातू कापून टाका.

फरक पडला, पण निम्माच. साय पातळ झाली. क्लोरोफॉर्मच्या तळाचा गाळ अजूनही एकसारखा हिरवा नव्हता, सूक्ष्मदर्शकात पांढरे ठिपके दिसत होते. वेग हा अर्धाच प्रश्न आहे. ॲनिलीन कणावर जाऊन बसायलाही काहीतरी हवं.

१४ जून: एसडीएस, आणि त्याची तऱ्हा

सोडियम डोडेसिल सल्फेट, म्हणजे एसडीएस, ऋणभारित आहे. आम्लात धनभारित टायटॅनियावर ते बसतं आणि ॲनिलिनियमला खेचून घेतं. कल्पना सोपी, प्रमाण सोपं नाही.

एका रेणूला अर्धा चौरस नॅनोमीटर धरला तर २५० चौरस मीटरवर एकच थर द्यायला ०.२४ ग्रॅम लागतं. तेवढंच टाकलं. पाच मिनिटांत दुधासारखा एकजीव द्राव फाटला, पांढरे पुंजके तळाला, काही फेसावर. एका थरात एसडीएसची डोकी (भारित टोकं) कणाकडे आणि तेलकट शेपट्या पाण्याकडे होतात, कण पाण्याला नकोसे होतात आणि एकमेकांना चिकटतात. या अवस्थेत एपीएस दिलं तर पुंजक्यावर कवच बसेल, कणावर नाही.

एसडीएस वाढवत गेल्यावर पुंजके पुन्हा सुटले. ०.५ ग्रॅमला द्राव परत दुधासारखा झाला. आता दुसरा थर उलटा बसलेला असतो, डोकी बाहेर, पृष्ठभाग ऋणभारित. ॲनिलिनियमला हवा तो हाच पृष्ठभाग.

उत्साहाने १ ग्रॅम टाकू नका. उरलेलं एसडीएस ॲनिलिनियमबरोबर पांढरा दह्यासारखा साका करतं, तो पुढे मोकळ्या पॉलिमरचं बीज ठरतो. शिवाय आम्लात मायसेल (एसडीएसच्या रेणूंचे आपसातले पुंजके) पुष्कळ कमी संहतीला बनतात. शुद्ध पाण्यातला ८ मिलिमोलरचा आकडा इथे चालत नाही, आणि मायसेल झाले की पॉलिमर त्यांच्यात वाढतं.

बर्फाचा बाथही इथेच नडला. ०-५ °से.ला केलेलं पॉलिॲनिलीन लांब साखळ्यांचं होतं, हे खरं. पण थंडीत एसडीएसचे चकचकीत स्फटिक पडतात आणि सगळं गणित फिसकटतं. १८ ते २० °से. ठरवलं: टबात पाणी, त्यात अधूनमधून बर्फाचे दोन खडे, पाण्यात थर्मामीटर.

आणि पोटॅशियम परसल्फेट: पोटॅशियम आयन आले की पोटॅशियम डोडेसिल सल्फेट तयार होतं, ते खोलीच्या तापमानाला पाण्यात फारसं विरघळत नाही. थेंब पडेल तिथे पांढरा साका. अमोनियमचंच परसल्फेट घ्या.

१८ जून: जमलेला क्रम

१. १७० मिलि पाणी, २.६ मिलि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, ५ ग्रॅम पी-२५. पावडर हळूहळू, ढवळत. ३० मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथ. बाथ गरम होतो, बर्फ घाला.

२. ०.५ ग्रॅम एसडीएस २० मिलि कोमट पाण्यात विरघळवून एका दमात, जोरात ढवळत. थेंबाथेंबाने दिलं तर द्राव पुंजक्यांच्या अवस्थेत रेंगाळतो. मग ३० मिनिटं.

३. ॲनिलीन हायड्रोक्लोराइड १.१९ ग्रॅम, १० मिलि पाण्यात. १ तास ढवळणं. हा तास वाचवू नका.

४. एपीएस २.६३ ग्रॅम (तपासून दुरुस्त केलेलं वजन), १०० मिलि पाण्यात, मिनिटाला १७ थेंब, १८-२० °से.

५. थेंब संपल्यावर आणखी ४ तास ढवळणं.

विक्रिया संपली हे कसं कळतं? ०.२ मोलरच्या कृतीत तापमान वीसेक अंश चढतं, मग उतरतं, आणि थर्मामीटरच सगळं सांगतो. इथे ॲनिलीन जेमतेम ०.०३ मोलर आहे, सगळं एकदम पेटलं तरी ३ अंशांहून जास्त चढणार नाही आणि टबाचं पाणी तेही खाऊन टाकतं. रंगावर राहावं लागतं. गडद निळा म्हणजे साखळी जास्त ऑक्सिडीकृत अवस्थेत आहे, अजून वाढते आहे. निळ्याचा हिरवा झाला की वाढ संपली. थेंबभर फिल्टर पेपरवर टाकून कडेची ओल बघा: ती रंगहीन किंवा फिकट असेल तर ठीक, जांभळट असेल तर थांबा.

रात्रभर ढवळत ठेवल्याने सव्वापट प्रमाणात फारसं नुकसान दिसलं नाही. दीडपट एपीएस घेतलेल्या बॅचची वाहकता मात्र स्पष्ट पडली. जास्तीचं एपीएस तयार साखळीच कुरतडतं.

क्लोरोफॉर्ममध्ये साय नाही, गाळ एकसारखा हिरवा. बीकरच्या भिंतीवरचा थर ५ जूनच्या मानाने अगदी विरळ.

२१ जून: धुणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया गेला.

ब्यूकनर फनेल आणि साधा फिल्टर पेपर: कण आरपार. बारीक पेपर: पंधरा मिनिटांत बंद. ०.४५ मायक्रॉनची मेम्ब्रेन: त्याहून लवकर बंद, आणि महाग. सेंट्रिफ्यूजशिवाय पर्याय नाही. मिनिटाला ८००० फेरे, १० मिनिटं.

पहिल्यांदा पाण्याने धुतलं. दुसऱ्या धुण्यानंतर वरचा द्राव गढूळ राहू लागला. क्षार निघून गेल्यावर कणांचे भार एकमेकांना दूर ठेवतात आणि ते खाली बसत नाहीत. तो गढूळपणा म्हणजे तुमचाच माल, ओतून टाकू नका. थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की परत बसतो. पाण्याने धुण्याचा दुसरा तोटा जास्त वाईट आहे: पॉलिमरला जोडलेलं आम्ल निघून जातं, हिरवा रंग निळसर होतो आणि वाहकता घसरते.

ठरलेली पद्धत: ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने तीनदा, इथेनॉलने दोनदा, ॲसिटोनने वरचा द्राव रंगहीन होईपर्यंत. इथेनॉल एसडीएस काढतं, ॲसिटोन छोट्या साखळ्या. ॲसिटोनचं पहिलं धुणं तपकिरी-जांभळं येतं. शेवटचं धुणं ॲसिटोनचं असण्याचा आणखी एक फायदा आहे: पावडर भुसभुशीत सुकते. पाण्यातून सुकवलेली खडा होते आणि मग खलात जोर लावावा लागतो. जोर लावला की कवच सोलतं आणि पांढरे ठिपके परत दिसतात. अगेटच्या खलात हलक्या हाताने, नुसत्या गुठळ्या मोडण्यापुरतं.

एसडीएस गेलं का? एफटीआयआरमध्ये २९२० आणि २८५० ला टोकदार जोडी दिसली तर नाही.

टाकाऊ द्रावाबद्दल. पहिल्या द्रावात उरलेलं परसल्फेट, आम्ल आणि ॲनिलीनचे तुकडे असतात. ॲसिटोनचं धुणं त्याच कॅनमध्ये ओतू नका. आम्ल, परऑक्सिजनवाली रसायनं आणि ॲसिटोन एकत्र साठवणं धोक्याचं आहे. आधी पहिल्या द्रावातलं परसल्फेट सोडियम सल्फाइटने मारा, आयोडाइड-स्टार्चच्या कागदावर निळा डाग येईनासा होईपर्यंत. मग वेगळ्या कॅनमध्ये. बेसिनमध्ये काहीच नाही.

२५ जून: सुकवणं आणि पाऊस

६० °से., निर्वात ओव्हन, रात्रभर. १०० च्या वर नेलेल्या नमुन्याची वाहकता कमी आली. पाणी आणि हायड्रोजन क्लोराइड दोन्ही निघून जातात.

एकच गोळी सकाळी आणि दुपारी मोजली तर आकडे जुळेनात. बाहेर धो-धो पाऊस. पॉलिॲनिलीन हवेतली ओल घेतं आणि ओलीबरोबर वाहकता बदलते. आता प्रत्येक गोळी सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये २४ तास, बाहेर काढल्यावर लगेच मोजणी, आणि आकड्याशेजारी खोलीतली आर्द्रता. आर्द्रता न लिहिलेला वाहकतेचा आकडा जुलैत मोजला की जानेवारीत हे कळत नाही, म्हणजे त्याचा उपयोग नाही.

३० जून: मोजणी

गोळी: ०.२५ ग्रॅम, १३ मिमीची डाय, ५ टन, २ मिनिटं. जाडी १ मिमीच्या आत बसते. फोर-प्रोबच्या (चार सुया टेकवून वाहकता मोजणारं उपकरण) सुयांमधलं अंतर २ मिमी.

पुस्तकातलं सूत्र ४.५३ हा गुणक वापरतं, पण तो सुयांच्या मानाने खूप मोठ्या पातळ पत्र्यासाठी. गोळीचा व्यास सुयांमधल्या अंतराच्या १० पट असेल तर गुणक ४.१७, ७.५ पट असेल तर ३.९३, ५ पट असेल तर ३.३६. आपला ६.५ पट, म्हणजे ३.७ च्या जवळपास. दुरुस्ती न करता वाहकता सुमारे वीस टक्क्यांनी कमी येते. सुया गोळीच्या मधोमधच टेकवा.

१८ जूनच्या क्रमाची गोळी: ०.०१ ते ०.१ सीमेन्स प्रति सेंमीच्या दरम्यान, आर्द्रतेप्रमाणे. शुद्ध पॉलिमरपेक्षा दोन घरं खाली. ताडून बघायला त्याच प्रमाणात शुद्ध पॉलिॲनिलीन आणि पी-२५ खलात घोटून गोळी केली. तीही त्याच पट्ट्यात, किंबहुना थोडी वर.

यात आश्चर्य नाही. वजनाने १७ टक्के पॉलिमर घनफळाने ३७ टक्के भरतं. एवढ्या प्रमाणात मोकळं पॉलिमरही गोळीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाट काढतं. म्हणून वाहकता आली याचा अर्थ कवच चढलं असा नाही. एफटीआयआरही दोन्हींत तेच दाखवतं, एक्सआरडीही (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघणारी चाचणी). हे तिन्ही आलेख जोडून कवचाचा दावा केलेला असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

पॉलिमर किती टक्के बसलं हे मोजायला टीजीएची (नमुना तापवत वजन मोजणारी चाचणी) वाट बघायची गरज नाही. पोर्सेलिनची मुशी, ०.५ ग्रॅम नमुना, आधी ११० °से.ला वजन स्थिर होईपर्यंत, मग मफल फर्नेसमध्ये ६०० °से., २ तास, हवेत. राहिलेली पांढरी राख म्हणजे टायटॅनिया. सोबत कोऱ्या पी-२५ ची मुशीही ठेवा, तीही टक्का-दोन टक्के कमी होते आणि तेवढं वजा करावं लागतं. टीजीएला पाठवलंच तर हवेत करायला सांगा. नायट्रोजनमध्ये पॉलिमरचा कोळसा उरतो आणि टायटॅनिया जास्त भरतो.

टीजीए आणि टीईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) नमुन्यामागे पैसे आणि आठवडे जातात, म्हणून तिकडे फक्त क्लोरोफॉर्म आणि मुशी पार केलेलाच नमुना जातो. टीईएममध्ये कवच मूळ २१ नॅनोमीटरच्या कणावर सुटं सुटं दिसत नाही. पी-२५ चे कण एकमेकांना पक्के जोडलेले असतात, अल्ट्रासॉनिक बाथने ते सुटत नाहीत. फिकट कडा गुठळीभोवती दिसते. सुट्या कणांवरचं कवच हवं असेल तर मूळ ऑक्साइडच दुसरा लागेल.

८ जुलै: मॅग्नेटाइट, आणि आम्लाची अडचण

फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ५.४१ ग्रॅम आणि फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट १.९९ ग्रॅम, १०० मिलि उकळून गार केलेल्या पाण्यात, नायट्रोजन सोडत, ८० °से.ला अमोनिया घालून पीएच १० पर्यंत. जास्तीत जास्त २.३२ ग्रॅम काळं मॅग्नेटाइट. फेरस क्लोराइड पिवळट-तपकिरी झालेलं असेल तर तो आधीच फेरिक झाला आहे, माल तपकिरी येतो आणि चुंबकाकडे आळसाने जातो.

चुंबकीय स्टरर इथे निरुपयोगी: सगळा माल ढवळणीच्या दांडीला चिकटतो. वरून फिरणारा काचेचा किंवा टेफ्लॉनचा दांडा हवा.

१८ जूनचा क्रम तसाच लावल्यावर द्राव एपीएसआधीच पिवळा पडू लागला. वरच्या स्वच्छ द्रावाचा थेंब अमोनियम थायोसायनेटमध्ये टाकला, रक्तासारखा लाल. ०.१ मोलर आम्लात मॅग्नेटाइट विरघळतंय. आम्ल कमी करून बघितलं. पीएच ३ ला ॲनिलीनपासून हिरवं पॉलिमर नीट होत नाही, तपकिरी लहान साखळ्या होतात. आणि विक्रियेत आम्ल तयार होतच राहतं, पीएच उतरतोच.

१५ जुलै: मध्ये सिलिका

१ ग्रॅम मॅग्नेटाइट, ८० मिलि इथेनॉल, २० मिलि पाणी, २ मिलि २५ टक्के अमोनिया. १.५ मिलि टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट (यातूनच सिलिका बनते) ५ मिलि इथेनॉलमध्ये मिसळून एक तासभर थेंबाथेंबाने, मग ६ तास ढवळणं. १० नॅनोमीटरच्या कणांचं पृष्ठफळ ग्रॅमला १०० चौरस मीटर धरलं तर हा थर सुमारे २ नॅनोमीटर पडतो. याच्या निम्म्यात केलेल्या थराला भोकं राहिली, थायोसायनेट पुन्हा लाल.

आता पुढे जायची अट एकच: सिलिका चढवलेला माल ०.१ मोलर आम्लात दोन तास ठेवायचा, थायोसायनेट फिकट गुलाबीपेक्षा पुढे गेलं तर पुन्हा सिलिका.

सिलिका वीज वाहत नाही, पण वीज बाहेरच्या कवचातून जायची आहे, त्यामुळे बिघडत नाही. उलट फायदा झाला. सिलिकाचा शून्यभार बिंदू २ च्या आसपास असल्याने आम्लात तिचा पृष्ठभाग ॲनिलिनियमला जोरात ढकलत नाही. एसडीएस न घालताही थर बसला, आणि धुण्यातला फेस वाचला. १ ग्रॅम गाभ्याला ॲनिलीन हायड्रोक्लोराइड ०.४ ग्रॅम, एपीएस ०.८८ ग्रॅम, एकूण १५० मिलि, थेंब पूर्वीसारखेच.

१९ जुलै: चुंबकाची चाचणी

मॅग्नेटाइटच्या बाबतीत कवच आणि मिश्रण यांतला फरक डोळ्यांनीच दिसतो. बाटलीच्या भिंतीला निओडिमियम चुंबक लावा. गडद माल भिंतीला जातो. उरलेल्या द्रावात हिरवी धूळ तरंगत राहिली तर ते मोकळं पॉलिमर. द्राव ओतून टाका, ताज्या ०.१ मोलर आम्लात हलवा, पुन्हा चुंबक. असं करत धूळ संपेपर्यंत. म्हणजे चाचणीच शुद्धीकरणही करते, आणि सेंट्रिफ्यूजची गरज उरत नाही. ओतलेली धूळ वेगळी सुकवून तोला: पॉलिमरचा केवढा वाटा वाया गेला याचा तो थेट आकडा आहे.

इथे मुशीच्या हिशेबात एक दुरुस्ती लागते. हवेत तापवल्यावर मॅग्नेटाइट फेरिक ऑक्साइड होतं आणि त्याचं वजन ३.४५ टक्क्यांनी वाढतं. ते विसरलं तर पॉलिमर खऱ्याहून कमी भरतं. राख लाल-तपकिरी असायला हवी, काळी असेल तर अजून तापवा.

२ ऑगस्ट: चौपट बॅच

२० ग्रॅम पी-२५, सगळं चौपट, १.२ लिटर. दोन गोष्टी चौपट करून चालत नाहीत. एक अल्ट्रासॉनिक बाथ: मोठ्या बीकरच्या मध्यभागी पुंजके तसेच राहतात, म्हणून चार वेगळ्या बीकरमध्ये पांगवून मग एकत्र करायचं. दुसरं ढवळणं: चुंबकीय दांडी पृष्ठभागापर्यंत भोवरा आणत नाही, एपीएसचा थेंब पडतो तिथेच क्षणभर साचतो आणि तिथे गडद निळा डाग दिसतो. तो डाग म्हणजे मोकळं पॉलिमर. वरून फिरणारं पातं आणि दोन आयव्ही सेट, बीकरच्या समोरासमोरच्या कडांना, प्रत्येकी मिनिटाला ३४ थेंब. डाग गेला, क्लोरोफॉर्ममध्ये साय नाही, मुशीत पॉलिमर १५ टक्के.

साठवण: घट्ट बुचाची तपकिरी बाटली, सिलिका जेलची पुडी, आणि चिठ्ठीवर शेवटचं धुणं कशाने, मुशीचा आकडा आणि मोजणीच्या वेळची आर्द्रता. अमोनियाची बाटली ठेवलेल्या कपाटात ही पावडर ठेवू नका. वाफेनेच आम्ल निघून ती निळी पडते, मग ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात तासभर ढवळून परत हिरवी करावी लागते.